दहा पावलांवर

वहिनींनी माझ्याकडे चार ओळी मागितल्या त्याला आज सहा दिवस झाले. रविवारी शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये माझ्या मित्राची, त्यांच्या नवऱ्याची, शोकसभा आहे. तिथे वाचायचा मजकूर मुख्याध्यापकांनी टाईप करून वहिनींकडे पाठवला होता. त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळचं. एकदा नजरंखालनं घाला, आणि तुमच्या चार ओळी वर जोडा."

कागदात सगळे ठीक होते. जन्मगाव मुरगूडजवळ, शिक्षण, चित्रकला शिक्षक म्हणून नोकरी, शांत स्वभाव. पाचव्या ओळीत होते : 'तरुणपणी फुटबॉल सामन्यानंतरच्या दंगलीत सापडून त्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला, तरी खचून न जाता त्यांनी डाव्या हाताने फळ्यावर चित्रे काढली.'

हे वाक्य खोटे आहे. पोलिसांच्या कागदावर ते मित्राने स्वतः घातले, माझ्यासाठी. त्यानंतर ते शाळेत गेले, त्याच्या सासरी गेले, त्याच्या मुलांच्या तोंडी आले. मी सतरा वर्षे ते ऐकत आलो आणि एकदाही खोडले नाही. आता तो गेल्यावर ते त्याच्या फोटोखाली वाचले जाणार. रविवारच्या आत मला ठरवायचे होते. म्हणून चार ओळींऐवजी हे लिहायला बसलो.

आम्ही दोघे एकाच जूनमध्ये शाळेत लागलो. मी मराठी शिकवायचो. माझे गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला, आणि आमची घरे गावाच्या ओढ्यापलीकडे. एवढे सांगितले की आमच्याकडच्या माणसाला पुढचे कळते. आडनावावरून मात्र कळत नव्हते. ते पाटील-देशमुखांतही सापडणारे होते. मी शिवाजी पेठेत खोली बघायला गेलो तेव्हा मित्र बरोबर होता. मालकीणबाईंनी मला आपादमस्तक पाहून त्याला विचारले, "आपल्यातलंच न्हवं?" मित्र म्हणाला, "तर वो मावशी. माझ्या ताटात जेवतोय की." मी त्याच्या ताटात जेवत होतो हे खरे होते. तिथून पुढे पेठेने मला पुन्हा विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. सांगितले नाही म्हणजे खोटे बोललो नाही, असे मी स्वतःला समजावत असे. खोली चांगली होती. सकाळी खिडकीतून उजेड थेट पुस्तकावर पडायचा.

संध्याकाळी सहाला मी दूध कट्ट्यावर जायचो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : आमच्याकडे गवळी म्हशी घेऊन चौकात येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. लोक उभ्याउभ्या पितात, मिशा पुसतात आणि घरी जातात. मी ज्याच्याकडे प्यायचो तो पैलवान होता. मोडलेले कान, छाती अशी की सदऱ्याची वरची दोन बटणे कधी लागली नाहीत. सकाळी तालमीत पोरांना शिकवायचा, संध्याकाळी दोन म्हशी पिळायचा. मला लांबून बघितले की ओरडायचा, "आलं का वाळकं लाकूड! मास्तर, पुस्तकं खाऊन अंगाला लागत न्हाईत. ह्यो धरा." आणि माझ्यासाठी भरलेला पेला दुसऱ्या कुणाला देत नसे. कुणी हात पुढे केलाच तर म्हणे, "थांब की मर्दा. विद्येला आदी."

त्याची धाकटी बहीण आमच्याच शाळेच्या प्राथमिक विभागात होती.

तिच्याबद्दल मी कमी लिहीन. ती हयात आहे, दुसऱ्या जिल्ह्यात, तिच्या मुलाबाळांत. वाचनालयात ती मंगळवारी यायची. मी वाचून ठेवलेले पुस्तक घ्यायची आणि पुढच्या मंगळवारी मला त्यातल्या चुका सांगायची. दीड वर्ष आमच्यात तेवढेच होते. मग एका मंगळवारी मी तिला माझे गाव सांगितले, ओढा सांगितला. ती थोडा वेळ पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून नखे फिरवत राहिली. म्हणाली, "हे तुम्ही दादाला सांगाल?" मी हो म्हणालो. म्हणाली, "मला न विचारता सांगा. आणि लवकर सांगा. बाहेरनं कळलं तर तो मारंल. तुमच्या तोंडनं कळलं तर निदान ऐकंल तरी."

त्या थंडीत तिने मला स्वेटर विणून दिला. बाटलीसारखा हिरवा, बाह्यांच्या टोकांना तांबडी पट्टी. लोकर खरे तर भावाने स्वतःसाठी आणली होती, स्वतः रंग निवडून. तिने त्याला सांगितले होते, "दादा, तुझ्या छातीला पुरंना. अर्ध्यातच संपली. उसवून ठेवली." तो हसला होता म्हणे : "मग मेंढरूच आनू का एक?" हिरवी लोकर मलाही थोडी कमीच पडली, म्हणून तांबडी पट्टी. मला ती गोष्ट ऐकून हसू आले होते. तिला आले नव्हते. "सांगितलंत का?" तिने विचारले. मी म्हणालो, "मॅचेस संपू देत."

पेठेत फुटबॉलचा हंगाम म्हणजे दुसरे काही न सुचण्याचे महिने. मी मॅचेस संपू देत म्हणालो ते कुणालाही पटण्यासारखे होते. मला स्वतःलाही पटले.

मग भावाला निनावी कार्ड आले. त्यात काय होते ते नंतर कळले : तुमची बहीण हायस्कुलातल्या अमक्या जातीच्या मास्तराबरोबर फिरते. लिहिणाऱ्याला जात लिहायचे धाडस झाले होते, नाव लिहायचे झाले नव्हते. कार्ड वाचून भावाने अख्खी शाळा डोळ्यांसमोर आणली असणार. त्यात मी आलो नाही. मी त्याच्या पेल्यातून दूध पिणारा, त्यांच्यातलाच, वाळके लाकूड. त्याच्या मनात माझ्याबद्दल शंकासुद्धा आली नाही.

त्या दुपारी दोन पेठांची मॅच होती. मी आणि मित्र मैदानाच्या लांबच्या बाजूला उभे होतो. मित्राला सकाळपासून कणकण होती. मध्यंतरानंतर तो कुडकुडायला लागला. मी स्वेटर काढून त्याला घातला. त्याने तांबड्या पट्टीवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "ही रंगसंगती मी केली नसती. पण वीण झकास." स्वेटर कुणी विणला ते त्याला माहीत होते. मॅच संपायच्या आधीच आम्ही निघालो. मागून आरडाओरडा ऐकू येत होता, दगडफेक सुरू झाली असावी. बोळाच्या तोंडाशी मेडिकल होते. मी म्हणालो, "तू चाल हळूहळू, मी गोळ्या घेतो." चार गोळ्या कागदात बांधून घेऊन मी बाहेर आलो.

तो माझ्यापासून दहा पावलांवर होता. नंतर मी ते अंतर अनेकदा मोजले आहे.

भाऊ समोरून येत होता, तालमीतली तीन पोरे बरोबर. मित्र कट्ट्यावर कधी येत नसे, त्यामुळे भाऊ त्याला ओळखत नव्हता. तो मित्राला ओलांडून दोन पावले पुढे गेला, थांबला, आणि मागे फिरून त्याने स्वेटरची बाही धरली. मोठ्या माणसाने लहान मुलाची बाही धरावी तशी, जवळजवळ प्रेमाने. पट्टी उलटी करून आतली गाठ बघितली, बहिणीच्या हातची.

"कुटनं आनला?"

मित्राने बाही सोडवायला हात मागे घेतला.

"ही लोकर माझी हाय. कुटनं आनला?"

पहिला फटका उघड्या हाताचा होता. पैलवानाचा उघडा हात. मित्र भिंतीवर गेला आणि तिथून खाली. मग पोरे आली. लाथा बरगड्यांत बसत होत्या आणि प्रत्येक लाथेला त्याच्या तोंडून हवा बाहेर पडत होती, ओरडणे नव्हे, नुसती हवा. एकाने केस धरून त्याचे डोके घराच्या दगडी पायरीवर आपटले. पायरीवर कुणी सकाळी काढलेली रांगोळी होती. भाऊ त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसला आणि त्याने ती शिवी दिली. आमच्या जातीवरून. लहानपणी ओढ्याच्या अलीकडे मी ती पुष्कळ वेळा ऐकली होती. इथे लिहीत नाही.

"जात सांग तुजी! सांग, कोन तू?"

आता हे नीट वाचा. मित्राचे आडनाव त्या बोळातल्या निम्म्या दारांवर लिहिलेले होते. भावाच्या मामाचे आडनाव तेच होते. ते एक नाव त्याने उच्चारले असते तर गुडघा पाठीवरून निघाला असता, पोरे मागे सरली असती, कदाचित कुणी पाणी आणले असते. त्याने तोंडातले रक्त थुंकले आणि म्हणाला, "ड्रॉइंग शिकवतो मी."

"कंच्या हातानं?"

त्याने उत्तर द्यायची गरज नव्हती. उजव्या हाताच्या बोटांना निळा रंग होता. भावाने तो हात पायरीवर सरळ ठेवला आणि टाचेने त्याच्यावर उभा राहिला. एकदा. मग पुन्हा, अंगाचे सगळे वजन टाकून. आवाज मोठा आला नाही. फळ्यावर दाबून लिहिताना खडू मोडतो तेवढाच आला, पण तीन-चार वेळा आला.

मी दहा पावलांवर होतो. माझ्या मुठीत गोळ्या होत्या. 'स्वेटर माझा आहे,' एवढे तीन शब्द होते. ते बोलता आले नाहीत असे मी बरीच वर्षे मनाशी म्हणत होतो. खरे असे, की बोलता येत होते. मी त्या वेळी विचार करत होतो. मालकीणबाई, खोली, खिडकी, शाळा, हे सगळे मी त्या वेळात, तो मार खात असताना, डोक्यात एकामागून एक आणले. भीतीने माणूस गोठतो म्हणतात. मी गोठलो नव्हतो.

मैदानावरून पळत सुटलेली गर्दी बोळात शिरली तसे ते चौघे तिच्यात मिसळून निघून गेली. मी मग धावलो. त्याच गर्दीतल्या दोघांनी मला त्याला टांग्यात घालायला मदत केली. म्हणाले, "दरसालचं हाय मास्तर. मॅचपायी कुनाचातरी जीव जानार बघा." सरकारी दवाखान्यात त्याला आत नेल्यावर मला बाहेर बसवले. मुठीतल्या गोळ्या घामाने विरघळल्या होत्या.

मी तिथून सहा वाजता कट्ट्यावर गेलो. का गेलो, याचे उत्तर माझ्याकडे आहे. गेलो नसतो तर भावाला आश्चर्य वाटले असते.

भाऊ म्हशीखाली बसला होता. उजव्या हाताची सालटी गेली होती, त्यामुळे डाव्या हाताने धार काढत होता आणि म्हैस नाराज होती. मला बघून म्हणाला, "या मास्तर. तुमच्या शाळंत कसली कसली मान्सं भरलीत वो? तुमच्यासारक्यानं तितं लक्ष घालाय पायजे." पेला भरून त्याने पुढे केला. काठावर त्याच्या बोटाचे रक्त लागले होते. त्याने ते सदऱ्याला पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला.

मी प्यालो. पूर्ण प्यालो. मिशा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी जमादार जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेशी होतो. मित्राचा जबडा बांधलेला होता, डावा डोळा बंद. जमादाराने विचारले, कोण होते? मित्राने सावकाश, एकेक शब्द बाहेर काढत सांगितले, "मॅचची गर्दी. कुणाला वळखलं न्हाय." जमादाराने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही होता बरोबर?" मित्र लगेच म्हणाला, "त्यो मेडिकलात होता." जमादाराने तसेच लिहिले.

दुपारी ती आली. दारातच उभी राहिली. खाटेच्या लोखंडी दांडीवर नर्सने कापून काढलेला स्वेटर टाकला होता. रक्त वाळून लोकर कडक झाली होती. तिने तो बघितला, मित्राचा हात बघितला, आणि मला बाहेर बोलावले.

"तुम्ही कुठं होता?"

"तिथंच."

"तिथंच म्हंजे?"

मी सांगितले. तिने ऐकले. मग तिने माझ्या तोंडावर मारले. शिक्षिकेचा हात, पण भावाचीच बहीण. माझा चष्मा व्हरांड्यात लांब जाऊन पडला. तो तिने स्वतः उचलून आणून दिला आणि म्हणाली, "अजून वेळ हाय. आज जा. कट्ट्यावर, सगळ्यांसमोर सांगा की स्वेटर तुमचा. तुम्ही सांगितलंत तर मी अशीच, नेसत्या लुगड्यानिशी तुमच्याबरोबर येते. न्हाय सांगितलंत तर मला तुमचं तोंड दावू नका."

मी म्हणालो, जातो.

त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. तिसऱ्या दिवशी मित्राच्या हाताचे ऑपरेशन होते. कारणे खोटी नव्हती. अकराव्या दिवशी तिचे लग्न लावून दिले, घरातल्या घरात, सांगलीकडच्या एका माणसाशी. हळद लागताना तिच्या दंडावर वळ होते असे मालकीणबाईंनी मला सांगितले, आणि वर म्हणाल्या, "गप बसली नसंल पोरगी."

मी बाराव्या दिवशी गेलो.

हे लिहिताना मला सावध राहायला हवे, कारण इथे माझी गोष्ट बरी दिसू लागते. मी गेलो तेव्हा वाचवण्यासारखे कुणी उरले नव्हते. मित्राचा हात गेला होता, ती गेली होती. फक्त मार खाणे शिल्लक होते, आणि तो मला हवा होता.

कट्ट्यावर आठ-दहा माणसे होती. भावाने पेला पुढे केला. मी घेतला नाही. म्हणालो, "तो स्वेटर माझा होता. त्याला थंडी वाजत होती म्हणून मी घातला. कार्डात लिहिलेला माणूस मी."

तो हसला. "मास्तर, दोस्ताला सोडवायला इतकं खोटं बोलू नये. मान्सं खरं समजतील की!" आजूबाजूचेही हसले. मला माझी जात त्याला दोनदा सांगावी लागली. गाव सांगावे लागले, ओढा सांगावा लागला. मग त्याच्या चेहऱ्यात एकेक गोष्ट बसत गेली ती मी बघितली. त्याने आधी हातातल्या पेल्याकडे पाहिले. तो पितळी पेला त्याने माझ्या डाव्या कानावर मारला. मग हाताने, मग पायाने. मला आठवते की म्हैस बुजली आणि बादली लवंडली, आणि मी दुधात पडलो होतो. कुणीतरी ओरडत होते, "मरंल त्यो, सोड!" डाव्या कानाने मला तेव्हापासून ऐकू येत नाही. खोली त्याच संध्याकाळी गेली. पुस्तके मालकीणबाईंनी पायरीवर आणून ठेवली होती, नीट रचून.

पुढचे मला मित्राने सांगितले. चार दिवसांनी भाऊ दूध घेऊन दवाखान्यात गेला. पाच शेराची किटली. खाटेशी उभा राहून रडला. म्हणाला, "माझ्याकडनं पाप झालं. आपला मानूस मारला मी. तुमी बोलला का न्हाईसा? एक आडनाव सांगितलं असतं तर हात तितंच थांबला असता."

मित्र म्हणाला, "म्हनूनच सांगितलं न्हाय."

भावाला ते कळले नाही. तो दूध घ्या म्हणत राहिला. मित्र म्हणाला, "पावणं, चुकीचा मानूस मारला म्हनून तुमी रडताय. बरोबर मानूस गावला असता तर रडला असता का? किटली घेऊन जावा." भाऊ दाराशी किटली ठेवून गेला. मित्राने ती वॉर्डात वाटायला लावली. स्वतः घोटभरही घेतली नाही.

मला त्याने कधीच काही विचारले नाही. मी शहराच्या दुसऱ्या बाजूला खोली घेतली तेव्हा त्याने सामान हलवले, डाव्या हाताने. दोन वर्षांनी त्याचे लग्न झाले. कट्ट्यावरचे पेठेने बहिणीच्या नावापायी बाहेर जाऊ दिले नाही, शाळेने पोलिसांच्या कागदावरचेच खरे धरले, आणि वहिनींनाही मोडलेल्या हाताची गोष्ट फुटबॉलसकट मिळाली. फळ्यावर तो डाव्या हाताने झाडे काढायचा. ती सगळी थोडी उजवीकडे झुकलेली असायची. मुले हसायची, तोही हसायचा.

काल मी हे सगळे घेऊन वहिनींकडे गेलो. त्या त्याचे जुने ड्रॉइंगचे कागद शाळेला द्यायला सुतळीने बांधत होत्या. मी वाचून दाखवले. दुधाच्या किटलीपर्यंत आलो तेव्हा सुतळी त्यांच्या हातात तशीच ताणलेली होती.

मी थांबल्यावर त्यांनी सुतळीची गाठ मारली. मग म्हणाल्या, "त्यो पैलवान रविवारी येणार हाय. निरोप आलाय तालमीतनं."

"मला माहीत आहे."

"मग त्याच्यासमोर वाचा. फुटबॉलचं ते खोडा." त्यांनी मुख्याध्यापकांचा कागद माझ्याकडे सरकवला. मी पाचवी ओळ खोडली. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? तुमी दहा पावलांवर हुभं होता. त्यांनी बघितलं होतं तुमाला?"

हे मी लिहिले नव्हते. इतके सगळे लिहून हे एवढेच बाजूला ठेवले होते.

"हो," मी म्हणालो.

"मग तेबी लिवा."

लिहितो. त्याचा गाल पायरीवर होता आणि तोंड माझ्या बाजूला. भावाने हात सरळ केला तेव्हा त्याने मला पाहिले. मुठीतला कागदही पाहिला असेल. भावाने त्याचे केस धरून "कुनाकडं बगतोस?" असे विचारले आणि त्याच्या नजरेच्या रोखाने वळू लागला. त्या क्षणी मित्राने डोळे मिटून घेतले, आणि टाच खाली येईपर्यंत ते उघडले नाहीत.